आपले कुठे?

४ जानेवारी

प्रिय भोपळ्या,

पन्नाशी आली, खांद्यावर पट्ट्या आल्या, आता तुला या नावाने हाक मारलेली चालत नाही हे मला ठाऊक आहे. पण काम घरचं आहे, म्हणून पत्र भोपळ्याला लिहितेय, मास्तरला नाही.

काल दुकानात लंबूचा दोस्त आला होता. त्या चौकीवरून जे थोडे जिवंत परतले, त्यांतला हा. डाव्या डोळ्याला आता नुसता उजेड कळतो. उजव्याचा नंबर काढून दिला, फ्रेम निवडून दिली. उठता उठता म्हणाला, "मावशी, गणित्याला मामांच्या केंद्रात पाठवतायत. तिथली परीक्षा पास झाला की पुन्हा त्याच खुर्चीत बसणार."

माझ्या हातातली काच खाली पडून फुटली. गिऱ्हाइकासमोर असं कधी झालं नव्हतं.

गणित्या. माझा लंबूच लिहायचा त्याच्याबद्दल पत्रातून. तोफखान्याच्या तंबूत बसून, गोळे कुठे टाकायचे त्याचे आकडे हा काढतो म्हणून गणित्या. "आई, तो आकडे काढतोय म्हटल्यावर आम्ही निवांत झोपतो." आणि त्याच गणित्याने आकडे दिले आणि आपल्याच तोफांनी आपलीच चौकी उडवली, माझ्या लंबूसकट. चौकशीवाल्यांनी काय लिहिलं, तर "कामाच्या ताणाखाली झालेली चूक". बस्स. हात झटकून मोकळे. ताण म्हणे! ताण मला नाही? मी कुणाला मारलंय का?

तू त्या परीक्षेचा मास्तर आहेस. मला माफीबिफी नको, भरपाई नको. तो माणूस चारचौघांसमोर मोडलेला हवाय. पुन्हा कुठल्याच आईच्या पोराचे आकडे त्याच्या हातात जाता कामा नयेत. एवढं तुझ्याच्याने होईल का, तेवढंच कळव.

तुझी,
ताई


११ जानेवारी

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. पत्र वाचलं आणि दिवसभर वर्गात कुणावर ना कुणावर खेकसत राहिलो.

तो आलाय. काल हजर झाला. तुला काय वाटतं मला ठाऊक नाही, मला तरी कुणीतरी धिप्पाड, मग्रूर येईल असं वाटलं होतं. हा एवढासा. कागद नाकाला टेकवून वाचतो. जेवताना कुणाशी बोलत नाही. मी लंबूचा मामा आहे हे त्याला माहीत नाही, आडनावं वेगळी आहेत ते बरंच.

आमची परीक्षा काय असते ते तुला कधी नीट सांगितलं नाही. आम्ही त्यांना झोपू देत नाही, पोटभर खाऊ देत नाही, गारठ्यात पळवतो, सारखे नवे निरोप देतो. आणि मग डोकं चालवायचं काम देतो. गंमत अशी की हात बिघडत नाहीत. बंदूक खोलायला सांग, डोळे मिटून खोलतील. गाठ मारतील, सलाम कडक ठोकतील. बाहेरून बघणाऱ्याला माणूस ठणठणीत. जातं ते वेगळंच. मध्येच सांगायचं, "पुढचा पूल पडला." ते ऐकतात. मान डोलावतात. "समजलं" म्हणतात, नकाशावर फुलीसुद्धा मारतात. आणि थोड्या वेळाने फौज त्याच पुलावरून नेतात. पहिल्यांदा डोक्यात बसलेलं चित्र थकलेल्या माणसाला बदलता येत नाही, आणि बदललं नाही हे त्याला कळतही नाही. चांगले चांगले आपटलेत माझ्यासमोर.

त्याच्याही बाबतीत तेच झालं होतं. त्या दिवशी लंबूची चौकी ओढा ओलांडून पुढे सरकली. तसा निरोप तंबूत गेला, याने तो घेतला. तरी याच्या डोक्यात ओढ्यापलीकडचे सगळे शत्रूच राहिले.

तेव्हा मला वेगळं काही करावं लागणार नाही. तो आपणहून आपटेल. आणि नाहीच आपटला, तर मी आहे ना. मामा आहे मी त्या पोराचा.

तुझा,
भोपळ्या


१८ जानेवारी

प्रिय भोपळ्या,

कागद नाकाला टेकवतो म्हणजे नंबर वाढलाय त्याचा, आणि बराच. वाढू दे. सांगू नकोस त्याला. डोकं दुखून दुखून बसू दे.

तू पुलाचं लिहिलंस ते मला लगेच कळलं. माझ्याकडे दमून भागून आलेली माणसं तक्त्याची खालची ओळ न बघताच म्हणतात. मागच्या खेपेची पाठ असते. मी तक्ता बदलला तरी जुनीच अक्षरं धडाधड म्हणतात, आणि वर माझ्यावरच डोळे वटारतात, "बरोबर आहे की!" पण भोपळ्या, माझ्या खुर्चीत चूक झाली तर माणूस फार तर जिन्याची पायरी चुकतो. माझा मुलगा नाही मरत.

सोबत डबीत एक बटण पाठवलंय. लंबूच्या वर्दीचं, कपडे परत आले त्यातलं. दुकानाच्या दारातून आत येताना दर वेळी त्याचं डोकं चौकटीला आपटायचं आणि मी म्हणायची, "अरे, दार तेवढंच आहे, तूच वाढतोयस." अजून दाराशी काही वाजलं की मी वर बघते.

तुमच्या त्या वाळूच्या टेबलावर डोंगर, ओढे मांडता ना, त्यावर आपली चौकी दाखवायला हे बटण ठेव. गणित्याच्याच तोंडून पुन्हा हुकूम सुटू दे, पुन्हा उडू दे. मग ते उचलून त्याच्या तळहातावर ठेव आणि कुणाचं आहे ते सांग. मला तिथे उभं राहता येणार नाही. बटण राहील.

ताई


२ फेब्रुवारी

ती. ताईस,

परीक्षेची पहिली फेरी झाली. तू म्हणालीस तसं केलं. त्याहून थोडं जास्तच केलं.

इतरांना डुलकी लागली तर मी तोंड फिरवायचो. त्याला लागली की भांडी घासायला पाठवायचो. त्याच्या खोलीतली शेगडी विझवून ठेवली. घातलेली कपड्यांची घडी मोडून पुन्हा पुन्हा घालायला लावली. एक तरुण शिक्षक मला म्हणाला, "सर, याच्यावर तुमचा काही राग आहे का?" मी म्हटलं, "सगळ्यांवर आहे."

शेवटच्या सकाळी वाळूच्या टेबलाशी उभं केलं. निळा दोरा म्हणजे ओढा, अलीकडे बटण म्हणजे आपली चौकी. डोळे लाल, ओठ फुटलेले, उभ्या उभ्या झुलत होता. मध्येच निरोप दिला की चौकी पुढे गेली, आणि बटण उचलून ओढ्यापलीकडे ठेवलं.

ताई, त्याने चूक केली नाही. पहिली फेरी तो पास झाला.

अजून एक फेरी बाकी आहे. जास्त लिहीत नाही, कामं पडली आहेत. तब्येतीला जप.

तुझा भाऊ


९ फेब्रुवारी

भाऊराव,

"तुझा भाऊ"? तू लहानपणी बरणी फोडलीस की असाच गुपचूप, नीट बोलायला लागायचास. काहीतरी लपवतोयस.

चूक केली नाही म्हणे! माझ्या मुलाच्या वेळी करायला जमली, तुझ्या टेबलावर नाही जमली? आता खाऊनपिऊन झोपून आलाय, म्हणून अक्कल जागेवर आहे. की त्याचे फुटलेले ओठ बघून तुला पाझर फुटला? लंबूचे ओठ कसे होते ते तू पाहिलेलं नाहीस. मला ओळख पटवायला बोलावलं होतं. मी पाहिलेत.

दुसऱ्या फेरीची वाट मी बघत बसणार नाही. गणित्याची बायको कुठे राहते ते लंबूच्या दोस्ताकडून कळलंय. तिच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना, त्याच्या पोरांच्या शाळेत, जिथे जिथे तो मान वर करून चालेल तिथे तिथे जाऊन सांगणार आहे, हा कोण आहे ते. येत्या रविवारी निघते. दुकान बंद ठेवलं तर ठेवलं. तुझ्याच्याने होत नसेल तर मूग गिळून गप्प बस, माझ्या आड येऊ नकोस.

ताई


१२ फेब्रुवारी

ताई,

रविवारी निघू नकोस. हे वाच, आणि मग तुला जायचंच असेल तर मीच गाडीत बसवून देईन.

लपवत होतो. कारण तुझा राग एका माणसावर नीट बसलेला होता आणि त्यावरच तू उभी होतीस. तो काढून घ्यायची माझी छाती होईना.

त्या सकाळी टेबलाशी तो काय करत होता, ते सांगतो. प्रत्येक हुकमाआधी स्वतःशीच मोठ्याने विचारायचा, "आपले कुठे?" मग बटण शोधायचा, त्यावर डाव्या हाताचं बोट टेकवायचा आणि हुकूम पुरा होईपर्यंत उचलायचा नाही. मी बटण हलवलं तर बोट बटणाच्या मागे. झुलत होता, एकदा टेबलावर कपाळ आपटलं, पण बोट हललं नाही. मला इतका संताप आला की सगळ्यांना बाहेर काढलं आणि त्याची कॉलर धरली. म्हटलं, "त्या दिवशी कुठे गेलं होतं रे हे बोट?" तेव्हा त्याला कळलं असावं मी कोण ते.

तो म्हणाला, "ते बोट माझं नसायचंच, सर. दुसऱ्या माणसाचं असायचं."

आणि हे खरं आहे, मी नंतर इतरांकडूनही खात्री करून घेतली. त्या तंबूत कायम दोघं बसतात. एक आकडे काढतो. दुसऱ्याचं काम एकच, प्रत्येक हुकमाआधी विचारायचं, "आपले कुठे?" आणि नकाशावर आपल्यांवर बोट धरून बसायचं. पहिला थकणारच हे गृहीत धरून ही रीत घातलेली आहे. त्यांच्या बड्या साहेबांनी त्या दिवशी दुसरा माणूस उचलला. कशासाठी? पाहुणे यायचे होते, त्यांचा मांडव घालायला. गणित्या तोवर कितीतरी वेळ जागा होता. त्याने जाऊन सांगितलं, साहेब, दुसरा माणूस द्या, नाहीतर मला तरी बदला. साहेब म्हणाले, "झोप ही सवय आहे. सुटते." चौकशीत हे आलंच नाही, कारण चौकशीपुढे बोलले ते साहेबच.

मी त्याला विचारलं, तू का नाही बोललास? म्हणाला, "आकडे माझ्याच तोंडून गेले ना."

आता पुढचं. हेच साहेब पुढच्या महिन्यात आमच्याकडे तपासणीला येतायत. त्यांना हे केंद्रच बंद करायचंय. ही परीक्षा म्हणजे सैनिकांचे लाड आहेत असं सगळीकडे सांगतात. परवा फोनवर मला म्हणाले, "मीच बसतो तुमच्या परीक्षेला. या वयातही कसं करायचं ते पोरांना दाखवतो." मी इतक्या पटकन हो म्हटलं की हातातला चहा अंगावर सांडला.

तुझा,
भोपळ्या


१६ फेब्रुवारी

भोपळ्या,

गेले नाही. बॅग भरलेली होती, ती तशीच दाराशी आहे.

तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, फितूर झाला माझा भाऊ. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हाही तेच. मग दुकान उघडून बसले. एक म्हातारे गृहस्थ आले, बदललेल्या तक्त्यावर जुनीच ओळ म्हणायला लागले, आणि मी त्यांना म्हटलं, "आजोबा, नीट बघा, तक्ता बदललाय." म्हटलं आणि तुझं पत्र पुन्हा बाहेर काढलं. पूल पडलाय म्हणून तू सांगतोयस आणि मी मान डोलावून त्याच पुलावरून निघाले होते, बॅग भरून. कुणा बाईच्या दारात जाऊन उभी राहणार होते.

कळलं म्हणून राग कमी झाला असं समजू नकोस. तिळभरही नाही. फक्त वळला.

मांडव! माझा लंबू मांडवापायी गेला. तो माणूस त्या मांडवात बसून हारतुरे घेत असेल तेव्हा मी इथे त्याच्यासाठी स्वेटर विणत होते, बाह्या लांब, आणखी लांब.

आता ऐक. या साहेबाला काही जास्त करू नकोस. शेगडी विझवू नकोस, भांडी घासायला लावू नकोस. जे सगळ्यांना तेच त्याला, एक कणभर इकडेतिकडे नाही. नंतर "माझ्यावर डूख धरला" म्हणायला त्याला बोटभरही जागा उरता कामा नये. गणित्याला तू जे जास्तीचं केलंस ते माझ्यामुळे केलंस. त्याचं काय करायचं ते मी नंतर बघेन.

बटण तेच ठेव.

ताई


२१ मार्च

ती. ताईस,

झालं. तू विचारशील म्हणून सगळं जसंच्या तसं लिहितो.

साहेब थाटात आले. पहिले दिवस झकास गेले. तरुण पोरांच्या पुढे पळाले, बंदूक सगळ्यांच्या आधी जोडली, गारठ्यात विनोद सांगितले. मला म्हणाले, "काय मास्तर, कुठाय तुमचा ताण?" मी म्हटलं, "येईल साहेब." जेवण, पाणी, गारठा, सगळं सगळ्यांना सारखं. तुझी शपथ, मी त्यांच्याकडे वाकड्या नजरेनेही पाहिलं नाही.

शेवटच्या सकाळी टेबल मांडलं. भोवती त्यांचेच हाताखालचे अधिकारी, दाटीवाटीने. निळा दोरा, अलीकडे बटण. मी नियमाप्रमाणे विचारलं, "साहेब, आपल्यांवर बोट धरायला दुसरा माणूस देऊ?" म्हणाले, "कशाला? माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?" हे मी त्यांच्या तोंडात घातलेलं नाही, ताई. सगळ्यांनी ऐकलं.

हुकूम ऐकून तो परत वाचून दाखवणारा एक जण लागतो. त्या जागी मी गणित्याला बसवलं होतं. दोन्ही फेऱ्या पास झाल्यावर त्याला मीच ठेवून घेतलं होतं. साहेबांनी त्याला ओळखलं नाही. ओळख विसरले की चेहरा कधी पाहिलाच नव्हता, देव जाणे.

मध्येच निरोप दिला, "चौकी ओढा ओलांडून पुढे गेली." त्यांच्या डोळ्यांदेखत बटण उचलून दोऱ्यापलीकडे ठेवलं. साहेबांनी मान डोलावली. "समजलं." मी दुसरे चार निरोप दिले, रस्त्याचे, पाण्याचे, जखमींचे. सगळे त्यांनी चोख निभावले. मग सांगितलं, पलीकडून गोळीबार सुरू झालाय.

त्यांनी हुकूम दिला. बटणावर.

गणित्याने आकडे परत वाचून दाखवले. आवाज स्थिर होता. साहेब म्हणाले, "बरोबर." नियमात एकदाच वाचायचं असतं, पण तो थांबला आणि पुन्हा वाचून दाखवले, सावकाश, एकेक आकडा. साहेब खेकसले, "बरोबर म्हटलं ना! ऐकू येत नाही?"

मी लांब काठी घेऊन बटणाला टेकवली. साहेबांनी पाहिलं. आधी टेबलाकडे, मग माझ्याकडे. म्हणाले, "हे तुम्ही मागाहून हलवलंत." त्यांचाच एक अधिकारी मागून म्हणाला, "नाही साहेब, तुमच्यासमोर हलवलं. तुम्ही समजलं म्हणालात."

मग म्हणाले, "पुन्हा मांडा. पुन्हा करतो." मला नाही म्हणता आलं असतं. मी मांडलं. तोच ओढा, तेच बटण, तोच निरोप. माणूस सावध होता, घाम पुसत होता, ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकत होता. आणि ताई, त्यांनी पुन्हा तिथेच हुकूम दिला. गणित्याने परत वाचून दाखवला. साहेब पुन्हा म्हणाले, "बरोबर."

तेव्हा मी बटण उचललं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं. कुणाचं ते सांगितलं. कुठल्या चौकीवरचं, ते सांगितलं. आकडे परत वाचणारा हा कोण, आणि त्या दिवशी त्याच्या शेजारची खुर्ची कुणी, कशासाठी रिकामी केली, तेही. सगळ्यांसमोर. ते म्हणाले, "हे तर नुसतं टेबल आहे." मग म्हणाले, "खुर्ची द्या." कुणी हललं नाही. शेवटी खुर्ची गणित्याने आणून दिली.

चौकशी पुन्हा उघडणार आहे. तिथे हजर असलेल्यांनीच ती मागितली. केंद्र बंद होणार नाही. साहेब संध्याकाळी निघून गेले. बटणाचं विसरलोच, ते त्यांच्या मुठीतच गेलं. तू म्हणशील तर मागवून घेतो.

तुझा,
भोपळ्या


२८ मार्च

प्रिय भोपळ्या,

तुझं पत्र मी लंबूच्या फोटोसमोर मोठ्याने वाचलं. "पुन्हा बरोबर" तिथे थांबले आणि परत वाचलं, तुझ्या गणित्यासारखं सावकाश.

मला फार बरं वाटलं. सूड घेऊन काही मिळत नाही असं मला जो तो सांगत होता. त्यांनी घेतला नसेल. काल मी पोटभर जेवले, आणि झोपले ती दुकान उघडायची वेळ टळून गेली तेव्हा उठले. लंबू गेल्यापासून पहिल्यांदा.

बटण मागवू नकोस. त्याच्याकडेच राहू दे. टाकायला जाईल तर हात उचलणार नाही, ठेवायला जाईल तर जागा सापडणार नाही. झोपेची सवय सुटते म्हणत होता ना? आता बघू दे कशी सुटते ते. माझ्याकडे अजून बटणं आहेत. नव्या चौकशीला मी समोरच्या रांगेत बसणार आहे, चांगली साडी नेसून, आणि तो बोलत असेल तेवढा वेळ नुसती त्याच्याकडे बघणार आहे. बॅग भरलेलीच आहे.

गणित्याला मी माफ केलेलं नाही. करेन असंही वाटत नाही. आकडे त्याच्याच तोंडून गेले, हे तोही म्हणतो, आणि मला ते विसरता येत नाही. शेगडीबद्दल मात्र माझ्या वतीने तूच काय ते बोल, मला जमायचं नाही.

आणि त्याचा नंबर वाढलाय. सांग त्याला. पुन्हा त्या खुर्चीत बसायच्या आधी इकडे येऊन डोळे तपासून जा म्हणावं.

ताई